कोर्सेअर व्हेंजन्स एलपीएक्स ३२००: १६ जीबीचं किट कुठल्या बोर्डावर वसूल होतं, कुठल्या नाही

बजेटमधला गेमिंग पीसी जुळवताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर आठवडाभर खल होतो, आणि रॅमची वेळ आली की दुकानदार 'ही टाका, चालेल' म्हणतो ती टाकली जाते. चालतेही. डीडीआर४ पिढीच्या मदरबोर्डात त्याच पिढीची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, बहुतेक वेळा चालतेच. पण किती वेगानं चालते, हे दुकानात कोणी सांगत नाही. खोक्यावर ३२०० छापलेलं असतं आणि घरी ती वर्षानुवर्षं २१३३ वर पळत असते. मालकाला पत्ताच नसतो.

कोर्सेअरचं व्हेंजन्स एलपीएक्स, ८ जीबीच्या दोन स्टिकचं, ३२०० सी१६ किट हे या गोंधळाचं उत्तम उदाहरण आहे. योग्य बोर्डावर एवढ्या पैशांत यापेक्षा फारसं चांगलं काही मिळत नाही, आणि चुकीच्या बोर्डावर हिरव्या पट्टीची साधी, स्वस्त स्टिक त्याला मागे टाकते.

आधी वस्तूबद्दल. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पॅकमध्ये दोन स्टिक, वर काळं अ‍ॅल्युमिनियमचं कवच, दिवेबिवे काही नाहीत. टायमिंग, म्हणजे प्रतिसादाला लागणारे ठोके, १६-१८-१८-३६ (पहिला आकडा म्हणजे सीएल, नावातलं सी१६), व्होल्टेज १.३५. कवचाला हीटसिंक म्हणतात, पण १.३५ व्होल्टवरची डीडीआर४ इतकी तापत नाही की त्यावाचून अडावं. खरा फायदा उंचीचा आहे. कवच नसलेली साधी स्टिक सुमारे ३१ मिमी उंच असते आणि एलपीएक्स तिच्याहून थोडीच जास्त. जीस्किल रिपजॉज व्ही ४२ मिमीपर्यंत जाते, तर कोर्सेअरचीच दिव्यांची आरजीबी प्रो ५१ मिमीपर्यंत. टॉवर कूलर लावला की त्याचा १२० मिमीचा पंखा बऱ्याचदा पहिल्या स्लॉटवर येतो. तिथे उंच स्टिक असेल तर पंखा वर सरकवावा लागतो आणि मग कॅबिनेटचं झाकण लागत नाही. प्रोसेसरसोबत आलेला छोटा कूलरच वापरणार असाल तर हा प्रश्न नाही.

आता मुख्य मुद्दा, वेगाचा. रॅमच्या प्रत्येक स्टिकवर एक बारकी चिप असते, एसपीडी नावाची. बोर्ड सुरू होताना ती वाचतो. तिच्यात दोन प्रकारची माहिती असते. एक जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ठरावाप्रमाणे कुठल्याही बोर्डावर आपोआप लागणारा वेग, आणि दुसरी एक्सएमपी, म्हणजे कंपनीनं तपासून दिलेला जास्त वेग, जो बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पानांत) जाऊन आपण चालू करायचा असतो. या किटचा आपोआप लागणारा वेग २१३३, व्होल्टेज १.२. ३२०० हा एक्सएमपीचा आकडा आहे. एक्सएमपी चालू केलं नाही, किंवा बोर्डाला ते चालवता येत नसेल, तर तुम्ही ३२०० चे पैसे मोजून २१३३ घेतली.

क्रूशियलची सीटी८जी४डीएफआरए३२ए ही साधी स्टिक याच्या बरोबर उलट आहे. तिचं ३२०० हे जेडेकचंच, १.२ व्होल्टवर, सीएल२२. बोर्ड आणि प्रोसेसर जितकं झेपवतील तितकं ती स्वतःहून देते, बायोसला हात लावायची गरज नाही. अर्थात ३२०० सारखंच असलं तरी प्रतिसादाचा वेळ वेगळा. हिशोब सोपा आहे: सीएल गुणिले २०००, भागिले वेग. १६ गुणिले २००० भागिले ३२०० म्हणजे १० नॅनोसेकंद. सीएल२२ ला हाच आकडा १३.७५ येतो. ३६०० सीएल१८ ला पुन्हा १० च. २६६६ सीएल१९ ला सव्वाचौदा. दुकानात उभं राहून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एवढं केलं, तरी 'सर, ही जास्त फास्ट आहे' या वाक्याची किंमत कळते.

तर कोणाच्या बोर्डावर काय घ्यायचं.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवर, म्हणजे रायझन ३००० किंवा ५००० मालिकेचा प्रोसेसर आणि ए५२०, बी४५०, बी५५० यांपैकी बोर्ड, तिथे हे किट डोळे झाकून घ्यावं. ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही (ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवता येत नाही), रॅमचं एक्सएमपी मात्र लागतं; ते लागणार नाही अशी बऱ्याच जणांना उगाच भीती वाटते. एएमडीनं या दोन मालिकांसाठी दोन स्टिकला अधिकृत वेग ३२०० च ठेवला आहे. रायझनमध्ये रॅमच्या घड्याळाबरोबर प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारं इन्फिनिटी फॅब्रिकही धावतं, ३२०० ला ते १६०० वर असतं. ३६०० ला ते १८०० वर जातं आणि बहुतेक ३००० आणि ५००० चे प्रोसेसर तेवढं झेपवतात. त्यामुळे ३६०० सीएल१८ चं किट जवळपास त्याच भावात मिळालं तर जरूर घ्या. जास्त पैसे पडत असतील तर ते ग्राफिक्स कार्डाकडे वळवा, गेममध्ये तिथे जास्त दिसतील.

जुन्या रायझनचा हिशोब वेगळा. १००० मालिकेला अधिकृत २६६६, तर २००० मालिकेला आणि ३२००जी, ३४००जी यांना २९३३. नावात ३००० असलं तरी ३२००जी आणि ३४००जी आतून मागच्या पिढीचे आहेत. यांवर ३२०० चं एक्सएमपी कधी लागतं, कधी लागून आठवड्यानं विंडोज बंद पडल्याचा निळा पडदा येतो. किट हेच घ्या, एक्सएमपी चालू करा आणि वेग हातानं २९३३ वर ठेवा, टायमिंग तीच राहू द्या.

इंटेलमध्ये पहिली गोष्ट बोर्डाचं नाव. एच४१० किंवा बी४६० वर आय५-१०४०० असेल तर रॅम २६६६ च्या पुढे जाणार नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. त्यात एलपीएक्सचा आपोआप लागणारा वेग २१३३, म्हणजे बोर्डानं एक्सएमपी मानलं नाही तर साध्या २६६६ च्या स्टिकपेक्षाही मागे. अशा बोर्डावर साधी जेडेकची स्टिक घ्यावी, पैसेही वाचतात. एच६१० वर अधिकृत मर्यादा ३२०० ची. बी५६०, बी६६०, बी७६० वर एक्सएमपी नीट लागतं, पण एक बघा: एच६१०, बी६६०, बी७६० हे तिन्ही डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही रूपांत येतात. नावाच्या शेवटी डी४ किंवा डीडीआर४ असं लिहिलेलं आहे का ते खोक्यावर वाचा. दोन्हींना पिना २८८ च, पण खाच वेगळ्या जागी. स्टिक बसत नाही म्हणून जोर लावलात तर स्लॉट फुटतो. १२ व्या पिढीपासून नावात के नसलेल्या प्रोसेसरांत मेमरी कंट्रोलरचं (रॅमशी बोलणाऱ्या भागाचं) एसए व्होल्टेज बदलता येत नाही, त्यामुळे डीडीआर४ गिअर १ मध्ये (कंट्रोलर रॅमच्याच घड्याळावर पळतो तेव्हा) ३६०० वर स्थिर ठेवणं अवघड जातं. तिथेही ३२०० सी१६ हाच सुखाचा आकडा.

आणि तिसरी जमात, ऑफिसातून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स आणि एचपीचे डेस्कटॉप. हे स्वस्तात मिळतात, त्यात छोटं ग्राफिक्स कार्ड टाकून गेमिंग पीसी करायची पद्धत आता गावोगावी आहे. यांच्या बायोसमध्ये सहसा एक्सएमपी नसतंच. तिथे एलपीएक्स टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. जेडेकच्या दोन साध्या स्टिक घ्या. आणि पेटी उघडून आधी बघा, कारण अगदी छोट्या, मायक्रो आकाराच्या मशीनांत लॅपटॉपची छोटी स्टिक, सोडिम, लागते, २६० पिनांची.

कोड वाचायला शिकलं की निम्मी फसगत टळते. या किटचा कोड सीएमके१६जीएक्स४एम२बी३२००सी१६. सीएमके म्हणजे एलपीएक्स, १६ ही एकूण क्षमता, एक्स४ म्हणजे डीडीआर४, एम२ म्हणजे पॅकमध्ये दोन स्टिक, मग वेग आणि सीएल. एम१ दिसलं तर ती एकच १६ ची स्टिक आहे, आणि दुकानात 'सोळा जीबी एलपीएक्स' एवढंच मागितलं तर हमखास तीच हातात येते. एम२ च्या पुढचं अक्षरही बघा. बी असेल तर १६-१८-१८-३६, ई असेल तर १६-२०-२०-३८. गेममध्ये हा फरक जाणवेलच असं नाही, पण भाव सारखाच असेल तर बी घ्या.

स्टिकवरच्या लेबलावर बारीक अक्षरात 'व्हर्जन' आणि एक आकडा असतो, उदाहरणार्थ ४.३१. पहिला अंक चिप कोणाची ते सांगतो: ३ मायक्रॉन, ४ सॅमसंग, ५ हायनिक्स. कोर्सेअर चिप बनवत नाही, विकत घेते, आणि त्या वेळी जी परवडेल ती लावते. म्हणून आज घेतलेलं किट आणि वर्षभरानं घेतलेलं किट, कोड तोच असूनही आतून वेगळं असू शकतं. बोर्ड कंपन्यांच्या साइटवर तपासलेल्या रॅमची यादी असते, क्यूव्हीएल. तिच्यात कोर्सेअरच्या कोडासमोर व्हर्जनही दिलेलं असतं ते यासाठीच. यादीत नाव नसलं तर रॅम चालणार नाही असं नव्हे, तिथे तपासली गेली नाही एवढंच. ३२०० सी१६ सारख्या साध्या वेगाला बी४५० च्या पुढे यादीची फारशी चिंता नको. पहिल्या पिढीच्या रायझनवर मात्र यादी उघडून बसा.

दोन स्टिकचा आग्रह का? बोर्डात मेमरीच्या दोन वाटा, म्हणजे चॅनल, असतात. ३२०० ला एक वाट सेकंदाला २५.६ जीबी नेते, दोन मिळून ५१.२. एकच १६ ची स्टिक टाकली की दुसरी वाट रिकामी. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर फटका गेमवर अवलंबून राहतो आणि सरासरी एफपीएसपेक्षा मधेच बसणाऱ्या झटक्यांत जास्त दिसतो. पण रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर, आणि त्याच्याच आतल्या 'वेगा' नावाच्या ग्राफिक्सवर खेळायचं असेल, तर एक स्टिक लावणं हा निव्वळ अविचार आहे. त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, हीच रॅम त्याची मेमरी. तिथे रुंदी निम्मी झाली की खेळही कोलमडतो. आणि बायोसनं ग्राफिक्ससाठी २ जीबी राखून ठेवली की विंडोजला १४ च उरतात, हेही धरून चला. म्हणून अशा पीसीत ८ जीबीचा विचारच करू नका. वेगळं कार्ड असलं तरी ८ चे दिवस गेले. सायबरपंक २०७७ ची किमान अटच आता १२ जीबी आहे आणि शिफारस १६.

'आत्ता ८ ची एक घेतो, पगार झाला की दुसरी' हा विचार समजण्यासारखा आहे, फक्त त्यातली जोखीम वर सांगितली तीच: दुसरी स्टिक त्याच कोडाची आणली तरी चिप वेगळी निघू शकते. बहुतेक वेळा दोन्ही चालतात, कारण बोर्ड दोघींतल्या हळू स्टिकप्रमाणे दोघींना चालवतो. कधीकधी एक्सएमपीवर अडतात आणि मग २९३३ किंवा २६६६ वर उतरावं लागतं. जुनी ४ ची पडून आहे म्हणून ८ सोबत लावली तर पहिली ४ अधिक ४ दोन वाटांनी जाते, वरची ४ एका वाटेनं. काहीच नसण्यापेक्षा बरं.

स्वस्त हिरव्या स्टिक घेताना लेबलावरची एक खूण नक्की बघा. १आरएक्स८ लिहिलं असेल तर ८ जीबीला आठ चिप. १आरएक्स१६ असेल तर चारच. एक्स१६ चिपमध्ये मेमरीच्या कप्प्यांचे (बँकांचे) गट चारऐवजी दोन असतात, त्यामुळे तोच वेग आणि तेच सीएल असूनही ती गेममध्ये मागे पडते. भाव मात्र दोन्हींचा सारखाच सांगतात. त्याच लेबलावर पीसी४-३२००एए च्या पुढे यू असेल तर ती साधी डेस्कटॉपची. आर असेल तर सर्व्हरची रजिस्टर्ड, जी सेकंडहँड बाजारात संशय यावा इतक्या स्वस्तात मिळते आणि आपल्या बोर्डावर डिस्प्लेच देत नाही.

पर्यायांत किंग्स्टन फ्युरी बीस्ट ३२०० सीएल१६ आणि जीस्किल रिपजॉज व्ही ३२०० सीएल१६ ही दोन्ही किटं एलपीएक्सच्या तोडीस तोड आहेत. फ्युरी बीस्ट ३४ मिमीची, त्यामुळे कूलरला आड येत नाही. तिन्हींत जे त्या दिवशी स्वस्त, ते घ्यावं. नावासाठी शे-दोनशेच्या वर देऊ नयेत, आणि दिव्यांसाठी तर तेवढेही नाही, पण ज्याची त्याची हौस.

बसवताना: बंद करा, पॉवर केबल काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा, बोर्डावर ए२ आणि बी२ छापलेलं असतं. पहिल्या आणि तिसऱ्यात लावल्यास दोन वाटा मिळतात, पण बहुतेक बोर्डांची वायरिंग शेवटच्या स्लॉटाकडे जाणारी असल्यानं तिथे एक्सएमपी डळमळतं. बऱ्याच बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूचं टोक आधी नीट बसवा आणि मग दाबा. 'डिस्प्ले येत नाही' या तक्रारीचं सर्वांत साधं कारण अर्धवट बसलेली स्टिक हेच असतं.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही वेळ काळा राहतो, मशीन स्वतःहून एकदोनदा बंद-चालू होतं. बोर्ड रॅमशी वेळ जुळवत असतो, घाबरून पॉवर काढू नका. मग बायोसमध्ये जा (डिलीट किंवा एफ२). इंटेलवर एक्सएमपी, आसूसच्या एएमडी बोर्डांवर डीओसीपी, एमएसआयच्या काही बोर्डांवर ए-एक्सएमपी. प्रोफाइल १ निवडा, व्होल्टेज १.३५ झालं का बघा, एफ१० दाबून सेव्ह करा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ३२०० दिसलं पाहिजे. सीपीयू-झेड हा माहिती दाखवणारा प्रोग्रॅम १६०० दाखवतो, ते बरोबरच आहे, डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते. सीपीयू-झेडच्या त्याच पानावर चॅनल दोन आहेत का तेही बघून घ्या. नंतर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर लावा. फुकटची आवृत्ती चार फेऱ्या करते, तेवढ्या पुरतात. एकही चूक दिसली तर ती दुर्लक्ष करण्याजोगी नसते. आज गेम बंद पडेल, उद्या विंडोजची फाइल खराब होईल.

एक्सएमपी लावल्यावर बूटच झालं नाही तर बोर्ड काही प्रयत्नांनंतर स्वतः जुन्या वेगावर येतो. नाही आला तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळच्या करा: बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडा किंवा गोल सेल पाच-दहा मिनिटं काढून ठेवा. मग क्रमानं: बायोस अद्ययावत करा (जुन्या बी४५० वर निम्मे प्रश्न इथेच सुटतात), एकेक स्टिक ए२ मध्ये लावून तपासा, वेग ३००० किंवा २९३३ करून बघा. रायझनवर एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.०५ ते १.१ दरम्यान दिल्यानंही अडलेलं एक्सएमपी लागतं. खुद्द रॅमचं (डीरॅम) व्होल्टेज १.४ च्या वर न्यायची गरज या किटला पडू नये. पडत असेल तर किट बदलून घ्या.

पुढे ३२ जीबी करायची असेल तर चारही स्लॉट भरण्याआधी हे लक्षात ठेवा: रायझन ३००० आणि ५००० ला दोन स्टिकसाठी अधिकृत ३२००, पण चार सिंगल रँक (चिपचा एकच संच असलेल्या) स्टिकला २९३३ आणि चार ड्युअल रँकला (दोन संचांच्या) २६६६. प्रत्यक्षात चार ८ च्या स्टिक अनेकदा ३२०० ला चालतात, हमी मात्र कोणी देत नाही. जुनं किट विकून १६ च्या दोन घेणं जास्त सुटसुटीत.

भावाबद्दल आकडा देण्यात अर्थ नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जे चढले, त्यात जुन्या लेखांतले सगळे आकडे रद्दी झाले. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल नावानं ग्राहकांना माल विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे वर सांगितलेल्या क्रूशियलच्या साध्या स्टिक पुढे दुकानांत उरलेला साठा म्हणूनच मिळतील. भाव विचारायची पद्धत मात्र तीच: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानांत आणि दोन ऑनलाइन साइटवर, पूर्ण कोड सांगून आणि १८ टक्के जीएसटी धरून. बिलाशिवायचा भाव हा भावच धरू नका. पॅकवर आयातदाराचं नाव, एमआरपी आणि महिना-वर्ष असलेलं स्टिकर हवं.

सेकंडहँड एलपीएक्स हा आजच्या भावात शहाणपणाचा सौदा आहे, कारण रॅम सहसा झिजून मरत नाही. घेताना दोन्ही स्टिकवरचा व्हर्जनचा आकडा जुळतो का बघा, आणि विकणाऱ्याच्या मशीनवर एक्सएमपी चालू करून निदान एक मेमटेस्टची फेरी पूर्ण होऊ द्या. नव्यावर लिमिटेड लाइफटाइम वॉरंटी आहे, पण बिल आणि पॅक जपून ठेवा, आणि क्लेम करताना एक स्टिक खराब असली तरी दोन्ही पाठवाव्या लागतात. तेवढे दिवस पीसी बंद ठेवायचा नसेल तर जुनी ४ ची स्टिक विकू नका.